‘बॅरल हलकी’ या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. एअर रायफलची बॅरल, म्हणजे नळी, हलकी आहे, त्यामुळे 10 मीटरवरही छर्रे वाट्टेल तिकडे जातात आणि आम्ही ती तुमच्या गळ्यात मारली, असं तुम्ही लिहिलंय. देताना रायफल धरायची कशी हे आम्ही दाखवलं नाही, ती चूक माझी. बॅरलचं मात्र मला पटत नाही.

जड बॅरलचं कौतुक बारुदाच्या रायफलीतून आलंय. तिथे लागोपाठ गोळ्या झाडल्या की नळी तापते आणि पातळ नळीतून गोळी लागण्याची जागा सरकत जाते. जाड नळी हळू तापते, ताठ राहते. व्यास दुप्पट केला तर ताठपणा सुमारे 16 पट होतो, वजनही चौपट. तरी थंड असताना चांगली बनवलेली पातळ नळी पहिल्या दोन-तीन गोळ्या जाड नळीइतक्याच नेमक्या टाकू शकते. तुमच्या रायफलीत तर बारूदच नाही, मग नळी तापणार कशाने?

2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेंनी 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने नेमबाजी) ब्राँझ घेतलं, तेव्हापासून पोरं ‘तसली जड रायफल दाखवा’ म्हणतात. तिथे वजन उपयोगी पडतं ते उभ्याने धरल्यावर नळीचं टोक कमी डुलावं म्हणून. 10 मीटरच्या एअर रायफलीला तर स्पर्धेतच साडेपाच किलोची मर्यादा आहे.

आता तुमचे फोटो. कार्डावर दोन छर्रे जवळपास एकाच भोकातून गेलेत, तीन वर डावीकडे. दुसऱ्या फोटोत दस्ता (नळीखालचा धरायचा भाग) गच्चीच्या सिमेंटच्या कठड्यावर टेकवलेला दिसतो. माझी शंका तिथेच आहे. तुमच्यासारख्या स्प्रिंगच्या रायफलीत ट्रिगर दाबला की आतला पिस्टन धावतो, रायफल उसळते आणि छर्रा अजून नळीतच असतो. कठड्यावर ती उसळी दर वेळी वेगळी लागते. दस्त्याखाली उघडा तळहात ठेवा, मूठ आवळू नका. याच धक्क्यांनी दस्त्याचे स्क्रूही ढिले होतात, ते आधी बघा. छर्ऱ्यांच्या दोन-तीन जाती मारून पाहा, एकेका नळीला एकेक जात मानवते.

सवडीने रायफल घेऊन या. मागच्या रेंजवर तुमच्यासमोर पाच छर्रे मारू. ते रुपयाच्या नाण्याखाली झाकले नाहीत तर पूर्ण पैसे परत. येताना छर्ऱ्यांची तीच डबी आणा.