ताजमहालच्या त्या शेवटच्या दोन गाण्यांबद्दल

नमस्कार. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत, गाणारा अमेरिकन गायक ताजमहाल याच्या १९६८ च्या 'द नॅचल ब्लूज' या अल्बमवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. शेवटची दोन सोल (चर्चगायन आणि ब्लूज यांतून आलेल्या लोकप्रिय शैलीतली) गाणी उपरी वाटतात, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये वाढलेल्या, कॉलेजात शिकलेल्या माणसाचा ब्लूज अस्सल कसा मानायचा, असं तुम्ही विचारता.

आधी अस्सलपणाचं बघू. हेन्री फ्रेडरिक्स हे ताजमहालचं मूळ नाव. वडील जॅझ पियानोवादक, आई चर्चमध्ये गाणारी. गिटार तो शेजारच्या मुलाकडून शिकला. पोरवयात दुधाच्या फार्मवर राबला, पुढे पशुसंवर्धन शिकला. शेती त्याने पुस्तकात वाचलेली नव्हती. आणि मिसिसिपीतल्या जुन्या गायकांना तरी हे सोवळं कुठे माहीत होतं? १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी तिथल्या मडी वॉटर्स या ब्लूज गायकाला तो काय काय वाजवतो हे विचारलं, तेव्हा त्याच्या यादीत काउबॉय गायक जीन ऑट्रीची गाणीही निघाली. लोक नाचायला येत, त्यांना हवं ते वाजवावं लागे.

आता ती दोन गाणी. 'यू डोन्ट मिस युअर वॉटर' हे विल्यम बेलचं, १९६१ चं, मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीतलं. मेम्फिस म्हणजे मिसिसिपीतल्या डेल्टा या कापूस पिकवणाऱ्या भागाजवळचं शहर. ब्लूज गाणारे तिथेच येऊन पोहोचत. बेल स्वतः चर्चमध्ये गात वाढलेला, आणि त्या गाण्याची चाल भजनासारखी संथ, हेलकावे घेणारी. ताजमहाल ते गातो तेव्हा आवाज थोडा फाटू देतो. हाच फाटका आवाज तुम्ही आधी याच अल्बमवरच्या 'कोरिना'त ऐकलेला असतो, आणि 'कोरिना' तर १९२८ पासून रेकॉर्डवर आहे. तेहतीस वर्षांच्या अंतरावरची दोन गाणी एकाच गळ्यातून येतात, तेही जेसी एड डेव्हिसच्या गिटारसोबत. हा ओक्लाहोमाचा, कायोवा या मूळनिवासी अमेरिकन जमातीच्या वंशाचा वादक. तो मोजके सूर वाजवतो, गायकाच्या ओळीत कधी घुसत नाही, आणि ओळ संपली की नेमकं उत्तर देतो. सवाल-जवाबाची ही रीत ब्लूजमध्ये आहे, चर्चमध्ये आहे, सोलमध्येही आहे. मला हा अल्बम एकसंध वाटतो तो यामुळे.

दुसरं गाणं, 'एन्ट दॅट अ लॉट ऑफ लव्ह', मात्र वेगळं वाटतं, हे मान्य. ते सरळ नाचाचं गाणं आहे. पण पहिल्या बाजूला माउथऑर्गनवर ठेका धरायला लावणारी गाणी तुम्हाला आवडली, असं तुम्हीच लिहिलंय. मग इथे बेस आणि ड्रम्स तेच काम करतात तेव्हा हरकत का?