बेरीला मँचेस्टरच्या सावलीने मारलं नाही

मँचेस्टरजवळच्या बेरी एफसी या इंग्लिश फुटबॉल क्लबचं नाव निघालं की एक मजकूर हमखास फिरतो: ‘मँचेस्टर युनायटेड आणि सिटीच्या सावलीत हा छोटा क्लब वाळून गेला. प्रेक्षक तिकडे गेले, खेळ घसरला, 2019 मध्ये क्लब संपला.’ यातलं साल तेवढं बरोबर आहे.

आधी सावलीचं बघू. 1885 मध्ये सुरू झालेल्या या क्लबने 1900 मध्ये साउदॅम्प्टनला 4-0 आणि 1903 मध्ये डर्बी काउंटीला 6-0 असं हरवून एफए कप ही इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा जिंकली. दुसऱ्या खेपेला तर अख्ख्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. हे फार जुनं झालं म्हणाल, तर 1968 घ्या. सिटी लीग विजेती, युनायटेड युरोपियन कप विजेती. सावली याहून गडद ती काय असणार? त्याच हंगामात बेरी तिसऱ्या डिव्हिजनमधून वर चढला.

खेळ घसरला म्हणता? 2018-19 मध्ये बेरी लीग टूमध्ये, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या चौथ्या पायरीवर, दुसरा आला आणि वरच्या लीगमध्ये गेला, तेही खेळाडूंचे पगार थकलेले असताना. खरी मेख इथेच आहे: तो संघच क्लबच्या ऐपतीबाहेरचा होता. स्ट्युअर्ट डे मालक असताना खर्च कमाईच्या पार पुढे गेला आणि गिग लेन हे मैदान गहाण पडलं. डिसेंबर 2018 मध्ये स्टीव्ह डेल यांनी क्लब 1 पौंडाला घेतला. बेरी नावाचा फुटबॉल संघ आहे हेही आपल्याला ठाऊक नव्हतं, असं ते पुढे स्वतःच म्हणाले! इंग्लिश फुटबॉल लीगने आधी मालकी बदलू दिली आणि पैसा कुठून येणार याचे पुरावे नंतर मागत बसली. ते मिळाले नाहीत, आणि 27 ऑगस्ट 2019 रोजी बेरीची लीगमधून हकालपट्टी झाली.

बोल्टन हा क्लबही मँचेस्टरला खेटूनच, आणि त्याच आठवड्यात त्याच काठावर उभा होता. त्याला नवे मालक मिळाले, तो वाचला.

प्रेक्षक तर कुठेच गेले नव्हते. त्यांनी नवा क्लब काढला, 2022 मध्ये सरकारी मदतीसह गिग लेन परत मिळवलं, 2023 मध्ये नवा क्लब चालवणारा आणि मैदान मिळवणारा असे समर्थकांचे दोन्ही गट एक झाले. नवव्या पायरीवरच्या सामन्यांनाही हजारोंनी गर्दी केली आणि 2025 मध्ये संघ आठव्या पायरीवर गेला. मालकांचा पैसा तपासण्याचं काम त्याच वर्षीच्या कायद्याने स्वतंत्र नियामकाकडे दिलं आहे.