सक्तीचा विमा आपल्या गाडीचा नसतोच

आमच्या गोरेगावच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक फॉरवर्ड आला. दुसऱ्या दिवशी तोच मामेभावाकडून. मजकूर थोडक्यात असा: "वीस वर्षं गाडी चालवतोय, एक क्लेम नाही. तरी दरवर्षी सक्तीने चौदा-पंधरा हजार उकळतात. कंपन्या मनाला येईल तो दर लावतात, पैसे परत देत नाहीत, आणि गाडी पाण्यात बुडाली तर थर्ड पार्टीवर दमडी मिळत नाही. ही सक्ती रद्द करा."

सोबत रिन्यूअलच्या कागदाचा फोटो होता. तो मोठा करून पाहिला. आधी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता, मग झीरो डेप (क्लेममध्ये सुट्या भागांची घसारा-कपात न करण्याची जोड), रोडसाइड असिस्टन्स, आणि सगळ्यात खाली थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला केलेल्या नुकसानीचा विमा: ३,४१६ रुपये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची सक्ती आहे ती या शेवटच्या ओळीची. मालकाचा अपघात विमाही लागतो, पण तो आधीच दुसरीकडे असेल तर पुन्हा घ्यावा लागत नाही. बाकी सगळं आपण निवडलेलं, किंवा कर्ज देणाऱ्या बँकेने मागितलेलं.

दर कंपन्या ठरवतात, हेही खरं नाही. थर्ड पार्टीचे दर केंद्र सरकार विमा नियामकाशी सल्लामसलत करून ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६ हा जून २०२२ पासूनचा दर, मग कंपनी कुठलीही असो.

मुंबईत पावसात पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताला गाडी बुडाली तर थर्ड पार्टीवर काही मिळत नाही, हे बरोबर. मिळणारच नाही, कारण तो विमा गाडीचा नाहीच. तो आपल्या गाडीखाली येणाऱ्या माणसाचा आहे.

म्हणून "क्लेम नाही, तर पैसे परत द्या" हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो. समजा, स्टेशनबाहेर वडापावची गाडी लावणारा ३४ वर्षांचा माणूस आपल्या धडकेने गेला. महिन्याची कमाई २०,००० रुपये, मागे बायको आणि दोन मुलं. मोटार अपघातांच्या भरपाईचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण हिशोब कसा करतं? वर्षाचे २,४०,०००. पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के जास्त: ३,३६,०००. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा: २,२४,०००. या वयाला गुणक, म्हणजे किती वर्षांच्या कमाईइतकी भरपाई द्यायची तो आकडा, १६. झाले ३५,८४,००० रुपये, अंत्यविधी वगैरेची रक्कम वेगळी. ३,४१६ च्या हप्त्याने एवढी रक्कम जमायला हजारावर वर्षं लागतील. आपल्यापैकी किती जणांच्या खात्यात आज ३६ लाख पडून आहेत? विमा नसेल तर निकाल त्या बाईच्या बाजूने लागतो आणि वसुलीसाठी ती गाडीमालकाच्या दारात वर्षानुवर्षं उभी राहते. मृत्यू आणि दुखापतीच्या भरपाईला थर्ड पार्टीत कमाल मर्यादा नाही, ती याचसाठी. वीस वर्षं कुणाला धक्का लागला नाही, यासारखी चांगली गोष्ट नाही. पण एकविसाव्या वर्षाची हमी कोण देणार? विम्याशिवाय पकडलं तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि मला ती शिक्षा जास्त वाटत नाही.

पण या फॉरवर्डमागची चीड खोटी नाही. थर्ड पार्टीचा दर इंजिनाच्या सीसीवर ठरतो, गाडी किती आणि कशी चालते यावर नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका रविवारी सिद्धिविनायकाला जाण्यापुरती गाडी काढतात. आठवड्यातून तीनदा नाशिक गाठणाऱ्याइतकाच हप्ता तेही भरतात. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, मिळतो तो फक्त गाडीच्या नुकसानीच्या भागावर. नीट चालवणाऱ्याला थर्ड पार्टीत एक रुपयाची सूट नाही. त्यात कायद्याने घ्यायला लावलेल्या गोष्टीवर वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,४१६ चे ४,०३१ होतात. शोरूममध्ये तर "विमा आमच्याकडूनच" असं इतक्या ठामपणे सांगतात की तोही नियम वाटतो. तो नियम नाही. पॉलिसी बाहेरून घेता येते.

धावलेल्या किलोमीटरवर दर लावा आणि सक्तीच्या हप्त्यावरचा जीएसटी काढा, असा अर्ज कुणी लिहिला तर मी त्यावर आजच सही करीन. सक्ती रद्द करण्याच्या अर्जावर मात्र करणार नाही.