गुरुत्वीय भिंगातल्या दीर्घिका हा भास नव्हे

दीर्घिकासमूहाचं गुरुत्व मागून येणारा प्रकाश वळवतं, त्यामुळे मागच्या दीर्घिका जास्त तेजस्वी आणि कधी एकीच्या अनेक प्रतिमा दिसतात; हेच गुरुत्वीय भिंग. सांगली-सातार्‍याच्या आकाशनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतोय. दीर्घिकासमूहांमागे दिसणार्‍या अतिप्राचीन दीर्घिका हा भिंगाचा भास आहे. त्यांची लाली भिंगाचीच, एकाच ठिपक्याच्या नकला वेगळ्या दीर्घिका म्हणून मोजतात, तेजाचे आकडे मर्जीने लावतात आणि आपल्या दुर्बिणीतून यातलं काहीच दिसत नाही, असं त्यात म्हटलंय.

लालीचा मुद्दा साफ चूक आहे. काचेत प्रत्येक रंग वेगळा वळतो, गुरुत्वाने सगळ्या तरंगलांबी सारख्याच वळतात. ‘मॅक्स जे११४९’ या समूहामागच्या जेडी१ दीर्घिकेत चिलीतल्या आल्मा रेडिओ दुर्बिणींना ऑक्सिजनची ८८ मायक्रॉनची रेषा (त्या वायूच्या प्रकाशाची ठरलेली तरंगलांबी) ८९३ मायक्रॉनवर सापडली (२०१८). म्हणजे ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने तरंगलांबी मूळच्या किती पट वाढली ते) ९.११, महास्फोटानंतर सुमारे ५५ कोटी वर्षांनी निघालेला प्रकाश. समूह मध्ये नसता तरी रेषा तिथेच असती, फक्त जवळपास दहापट मंद.

नकला असतात, आणि त्या कामाच्या असतात. एकाच दीर्घिकेच्या सर्व प्रतिमांची ताम्रसृती सारखी यावी लागते. त्यांच्या जागांवरून समूहातलं कृष्णद्रव्य (न दिसणारं, गुरुत्वानेच कळणारं द्रव्य) कुठे किती, याचं प्रारूप म्हणजे गणिती नमुना बसवतात आणि मोजताना दीर्घिका एकदाच धरतात. प्रारूप मर्जीचं असतं तर भाकीत फसलं असतं. याच समूहात २०१४ मध्ये रेफ्सडाल नावाचा अतिनवतारा (स्फोट झालेला तारा) चार प्रतिमांत दिसला. आणखी एक प्रतिमा कुठे आणि साधारण कधी उमटेल हे आधीच जाहीर झालं होतं. डिसेंबर २०१५ मध्ये ती तिथेच उमटली.

तेजाच्या आक्षेपात मात्र तथ्य आहे, पण ते संदेशात म्हटलंय तिथे नाही. संगणकात रचलेले समूह, उत्तर न सांगता, वेगवेगळ्या गटांना सोडवायला दिले, तेव्हा तिप्पट वर्धनाला (भिंगाने तेज तिप्पट वाढवलं तिथे) चूक सुमारे १० टक्के आली, दहापटीला ३० टक्क्यांच्या आसपास. क्रांतिक रेषेलगत (जिथे वर्धन सर्वाधिक असतं) वस्तुमान जरासं सरकलं तरी वर्धन दुप्पट होतं. तिथल्या दीर्घिकेचं खरं तेज सांगताना जपूनच बोलावं. दुसरा खड्डा क्षेत्रफळाचा. दहापट वर्धन म्हणजे मागचं आकाशही दहापट कमी दिसतं. तो भागाकार विसरला तर मंद दीर्घिकांची संख्या चुकते. समूहातल्या तार्‍यांचा विखुरलेला उजेड आधी वजा करावा लागतो. जास्त वजा झाला तर रंग बिघडतो आणि ताम्रसृतीचा अंदाज कोसळतो. दीर्घिकेचा आकार मोठा गृहीत धरला की पसरट दीर्घिका जास्त निसटल्या असं धरून “न दिसलेल्यां”ची भरपाई फुगते. मंद दीर्घिकांच्या संख्येवरचे खरे वाद या शेवटच्या गोष्टीवरही झालेत, आणि ते व्हायलाच हवेत.

राहिला दुर्बिणीचा मुद्दा. वेब अवकाश दुर्बिणीच्या पहिल्या गाजलेल्या चित्रातला समूह −७३.५ अंश क्रांतीवर (खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला ७३.५ अंश) आहे; सातार्‍याच्या १७.७ अक्षांशावरून तो कधीच उगवत नाही. तिमिंगल तारकासमूहातला एबेल ३७० हा दीर्घिकासमूह मात्र नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यरात्री क्षितिजापासून सुमारे ७० अंशांवर येतो. आठ इंची दुर्बिणीतून, कासच्या काळोखातही, डोळ्याला १४व्या प्रतीच्या आसपासचंच दिसतं (प्रतीचा आकडा मोठा, तितकी वस्तू मंद). कॅमेरा लावून, पाठलाग नीट ठेवून तास-दोन तासांच्या फ्रेम्स एकत्र केल्या, तर समूहातल्या तेजस्वी दीर्घिका ठिपक्यांसारख्या उमटू शकतात. त्यामागच्या, भिंगाने ताणलेल्या दीर्घिकेची कमान त्याहूनही अंधूक असते.