हाकेच्या अंतरावरचं नेटवर्क

मुंजीचा व्हिडिओ सहा जीबीचा निघाला. पेनड्राइव्ह 32 जीबीचा, तोही रिकामा, तरी कॉपी करायला गेलं की फाइल फार मोठी आहे म्हणून अडून बसायचा. नवऱ्यानं निदान जागच्या जागी केलं. पेनड्राइव्ह एफएटी32 पद्धतीनं फॉरमॅट केलेला असला की आत कितीही जागा असो, 4 जीबीच्या वरची एक फाइल काही तो घेत नाही. एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीनं फॉरमॅट केला की घेतो, हेही त्याला ठाऊक होतं. पण घरातले दोन कॉम्प्युटर एकाच राउटरला जोडलेले असताना फाइल खिशात घालून बेडरूममधून हॉलमध्ये न्यायची? त्याच्यातला इंजिनिअर दुखावला. शनिवारी जेवण झाल्यावर "नेटवर्कच करून टाकतो" म्हणत तो बसला.

चारचा चहा गार झाला तेव्हाच मी रात्रीची खिचडी ठरवून टाकली.

हॉलमधला डेस्कटॉप सासूबाईंचा. त्यांना तो व्हिडिओ भिशीच्या बायकांना दाखवायचा होता. त्यावर विंडोज 7 आहे. त्याचे अपडेट जानेवारी 2020 मध्ये बंद झाले, आईंचा पत्त्यांचा डाव मात्र अखंड चालू आहे. बेडरूममधला लॅपटॉप विंडोज 11 चा. जुन्यात 'होमग्रुप' म्हणून नेमकी आमच्यासारख्या घरांसाठी केलेली सोय आहे. ती 2018 मध्ये विंडोज 10 मधूनच काढून टाकली, त्यामुळे 11 नं तिचं तोंडही पाहिलेलं नाही.

लॅपटॉपच्या नेटवर्कच्या यादीत राउटर दिसला, टीव्ही दिसला, भिंतीपलीकडचा डेस्कटॉप तेवढा दिसेना. वाटण्या झालेले सख्खे भाऊ एका जिन्यानं जाताना एकमेकांना दिसत नाहीत, तसं. दोघंही इंटरनेटवरून अख्ख्या जगाशी बोलत होते, हे विशेष.

"पिंग करून बघतो." पिंग म्हणजे एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याला 'आहेस का?' विचारणं. त्यानं चार हाका मारल्या. चारही वेळा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', म्हणजे वाट पाहिली, ओ नाही.

घोडं कुठे पेंड खातंय हे कळायला संध्याकाळ झाली. डेस्कटॉपला पहिल्यांदा नेट जोडलं तेव्हा त्यानं विचारलं होतं, हे नेटवर्क घरचं, ऑफिसचं की सार्वजनिक? कुणीतरी घाईत 'सार्वजनिक' दाबलं असणार. तेव्हापासून तो बिचारा आमच्या हॉलला स्टेशन समजत होता. सार्वजनिक ठिकाणी अनोळखी हाकेला ओ द्यायची नाही, हे फायरवॉलचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या दारावरच्या पहारेकऱ्याचं, वळण. (चांगलंच वळण आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीही तेच पाळते.) दोन्हीकडे 'हे आपलं घर आहे' अशी खात्री पटवली आणि डेस्कटॉप यादीत उगवला. नवऱ्यानं "आई!" अशी आरोळी ठोकली. आई मालिका बघत होत्या. त्यांनी आवाज वाढवला.

फोल्डर उघडायला गेला तर नाव आणि पासवर्ड मागितला. डेस्कटॉपला पासवर्डच नव्हता. आई बटण दाबायच्या की डाव समोर. म्हणून यानं रकाना रिकामा सोडला. विंडोजचा नियम असा की बिनपासवर्डाच्या खात्यात समोर बसून खुशाल शिरावं, नेटवर्कवरून शिरता येत नाही. यानं खात्याला पासवर्ड घातला. फोल्डर उघडला. मग व्हिडिओ आत टाकायला गेला, तर परवानगी फक्त बघायची, ठेवायची नाही. ठेवायची द्यायची म्हणजे एकदा शेअरिंगमध्ये द्यायची आणि पुन्हा सिक्युरिटीत द्यायची, कारण दोन्हींत जी कडक असेल तीच चालते. हे त्यानं मला खिचडी खाताना समजावून सांगितलं. मी पापड मोडत होते.

रात्री अकराच्या पुढे हिरवी पट्टी सरकायला लागली. वेग किती, राउटर किती देऊ शकतो, याचं धावतं वर्णन ऐकत मी झोपले.

पहाटे साडेपाचला दारावर थाप. आई चष्मा लावून उभ्या. "अरे, माझा कॉम्प्युटर मलाच पासवर्ड विचारतोय!"

नवऱ्यानं डोळे न उघडता सांगितला. त्यात एक कॅपिटल अक्षर, एक ॲट आणि शेवटी साल होतं. आईंनी तो कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेवर ठळक अक्षरांत लिहिला, तेवढा तुकडा कापला आणि मॉनिटरवर चिकटवला.

"आई, पासवर्ड असा उघड्यावर लावायचा नसतो."

"बरं," आई पत्ते वाटत म्हणाल्या, "मग रोज साडेपाचला तू उठून घालत जा."