अर्ध्या क्लिकचा प्रश्न

माझ्या छोट्या मॉडेल विमानाचं इंजिन साडेसहा सीसीचं. मुठीत मावतं, पण अख्खा रविवार गिळतं. खाणं मिथेनॉलचं, वर वीस टक्के एरंडेल. आई परवा डबा हुंगून म्हणाली, "लहानपणी चमचाभर पाजायला तिघांनी धरावं लागायचं तुला. आता पैसे मोजून आणतोस?"

कार्बोरेटरला दोन सुया. एक पूर्ण वेगाची, एक संथ चालीची. फिरवताना खाचा लागतात, एक खाच म्हणजे एक क्लिक. आवळली की इंधन कमी, म्हणजे लीन. सोडली की जास्त, म्हणजे रिच. हे इतकं सोपं आहे की मैदानावर येणाऱ्या प्रत्येकाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

ग्लो प्लगला, म्हणजे इंधन पेटवणाऱ्या तारेला, दीड व्होल्ट दिले, काठीने पंखा फिरवला. फट्! पुन्हा फट्! विसाव्या फटक्याला इंजिन घोगऱ्या आवाजात खोकत सुरू झालं आणि शर्टावर एरंडेलाची नक्षी उमटली. (पंख्याला बोट लावू नये. एकदा लावलंय, आता काठी.)

"रिच आहे. दोन क्लिक आवळ," मैदानावरचे अण्णा म्हणाले. शेजारचे निवृत्त गृहस्थ म्हणाले, "छे, तीन सोडा." मी दोघांचा मान राखला. निव्वळ हिशेब एक क्लिक सैल. इंजिन जरा सुधारलं, तर श्रेय दोघांनीही घेतलं.

मग चिमट्याची परीक्षा. इंधनाची नळी क्षणभर दाबायची. आवाज चढून मग पडला तर रिच, लगेच मेला तर लीन. माझं इंजिन मी हात पुढे केला की मरायचं. या तिसऱ्या प्रकारावर अण्णांकडेही उपाय नव्हता.

तासाभराने, अर्धा क्लिक इकडे, अर्धा तिकडे करता करता, घोगरेपणा गेला. आवाज हळूहळू वर चढत स्वच्छ झाला. अर्घ्य द्यावं तसं मी विमानाचं नाक आभाळाकडे धरलं. सूर तसूभरही ढळला नाही. उलट आणखी चढला. अण्णांनी डोळे मिटले. "आता हात लावू नकोस."

नाही लावला. दहा सेकंदांत इंजिन बंद.

"लीन झालं," अण्णा म्हणाले. "बघा, मी तीन म्हटलं होतं," गृहस्थ म्हणाले.

मी हळूच टाकीकडे पाहिलं. थेंब नव्हता. टाकी संपत आली की इंजिन असंच गोड गातं.

"बरोबर आहे तुमचं," म्हणत मी सुई अर्धा क्लिक सोडली.