गोणीचा भाव तोच, गोणी मात्र नाही

बापू कट्ट्यावर आला तो शिव्या घालतच. बाग छाटून बसलाय, खताची घाई, आणि पिशवीतून काढली काय तर प्लास्टिकची एक बाटली. पारावर आपटली.

"डीएपीच्या चार गोण्या मागितल्या. दोनच दिल्या, आणि वर हे औषध घ्यावंच लागेल म्हणाला. अंगठा लावून घेतला, बाटलीची पावती मागितली तर हसला. विचारलं असं का, तर म्हणे युद्ध चालूय."

"लिंकिंग, हव्या मालाबरोबर नको तो गळ्यात मारायचा," नाना म्हणाले. नानांनी विकास सोसायटीत बावीस वर्षं सचिवकी केली आहे. त्यांना हा शब्द नवा नाही.

दिल्या लगेच सरसावला. "गोणी कितीला दिली?"

"१३५०."

"म्हणजे छापील भावानंच. मग युद्धाचा संबंध कुठं आला? युद्धानं वाढला असता तर भाव वाढला असता. दुकानदाराला माल दाबायला निमित्त पाहिजे, दुसरं काय."

मलाही क्षणभर पटलं. नानांना नाही. "भाव वाढला नाही, तिथंच तर घोळ आहे. निम्म्याच्या वर डीएपी बाहेरून येतं, उरलेल्याचा कच्चा मालही बाहेरचा. तिकडचा भाव आणि तुझे १३५० यातला फरक सरकार अनुदानात भरतं. २०२२ ला डीएपी टनाला ९०० डॉलरच्या वर गेलं, तेव्हा खतांचं अनुदान वर्षाला अडीच लाख कोटींवर पोचलं. आता अनुदान ठरलेलं आणि तिकडचा भाव चढला, तर आयात करणारी कंपनी काय करील? तोट्यात जहाज भरील? हात आखडता घेईल. तुझ्यापर्यंत भाव येत नाही, टंचाई येते. आणि टंचाई आली की हा बाटली काढतो."

"बरं, पण चीननं फॉस्फेटची निर्यात आवळली ऑक्टोबर २०२१ मध्ये," दिल्या हटेना. "युक्रेनवर हल्ला फेब्रुवारी २०२२ चा. ते पाप युद्धाचं कसं?"

नाना थांबले. हे त्याचं खरंच होतं, आणि नानांनी ते मान्यही केलं, जे सहसा होत नाही.

"पोटॅशचा तर भावच वाढला की," बापू. "हजाराच्या आतबाहेरची गोणी मी १७०० ला उचललीय."

तिथं मात्र युद्धाचाही हात. आपल्याकडे पोटॅशची खाण नाही, आणि जगातला मोठा माल रशिया, बेलारूस, कॅनडाचा. बेलारूसला तर समुद्रच नाही. त्याचं पोटॅश लिथुआनियातल्या क्लाइपेडा बंदरातून निघायचं. युद्धाआधीच बेलारूसवर निर्बंध आले, १ फेब्रुवारी २०२२ पासून लिथुआनियानं रेल्वे अडवली. महिना संपायच्या आत रशिया युक्रेनमध्ये घुसला.

सलीमभाई न्हावाशेव्याला कंटेनर नेतात, ते इतका वेळ गप्प होते. "समुद्रात काय चाललंय ते द्राक्षवाल्यांना विचारा," म्हणाले. "येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हापासून माल आफ्रिकेला वळसा घालून जायला लागला. युरोपला दहा-पंधरा दिवस जास्त. द्राक्ष तेवढं थांबतं का? आणि जी वाट जाणाऱ्या द्राक्षाची, तीच तिकडून येणाऱ्या खताची."

मी इजिप्तचं काढलं. आपण निदान गहू पिकवतो. त्यांचा आयातीचा बहुतेक गहू रशिया-युक्रेनचाच. सरकारी भाकरी ५ पियास्तरला होती (पियास्तर म्हणजे त्यांचा पैसा), कित्येक वर्षं तोच भाव. १९७७ मध्ये त्यांचे अध्यक्ष सादात यांनी अनुदानाला हात घातला तर दंगली पेटल्या, दोन दिवसांत माघार. म्हणून २०२० मध्ये भाव न वाढवता भाकरीच हलकी केली, ११० वरून ९० ग्रॅम. युद्धानं गहू महागला, तेही पुरेना. जून २०२४ पासून भाकरी २० पियास्तर.

"म्हणजे त्यांची पण बाटलीच," बापू म्हणाला. या वाक्यावर चहा आला.

दिल्याचा शेवटचा डाव युरियाचा होता: तो तर आपलाच, थळचा कारखाना इथं अलिबागजवळ. नाना हसले. "कारखाना थळचा, पण युरियाला गॅस लागतो. देशात वापरतो त्यातला बराच कतारहून, इराणलगतच्या होर्मुझ सामुद्रधुनीच्या चिंचोळ्या तोंडातून येतो. जून २०२५ ला इस्रायल-इराण भिडले, इस्रायलनं इजिप्तला जाणारा गॅस तोडला, तिथले युरिया कारखाने थंड पडले. इजिप्तवर ना बॉम्ब पडला, ना गोळी."

"ते राहू दे, मी काय टाकू ते सांगा," बापू वैतागला.

"सुपर फॉस्फेट. तीन गोण्यांत एका डीएपीएवढं स्फुरद, वर गंधक. नत्राला थोडा युरिया."

"त्याचा दगड कुठला?" दिल्यानं विचारलं.

"थोडा राजस्थानचा. बाकी जॉर्डन, मोरोक्को, इजिप्त."

कुणी काही बोललं नाही. दिल्यानं मोबाइलचा टॉर्च मारून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला घेतली.

"पंपाला किती मिली लिहिलंय?" बापू म्हणाला.

"थांब, वाचतोय."